विसण

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी सकाळी साडेसहाला गिझर बंद पडल्याचं लक्षात आलं. त्याचा लाल दिवा लागत होता, पण नळाला येणारं पाणी गारच. दुरुस्तीच्या नंबरावर फोन केला तर पाच दिवसांनी माणूस येईल असं उत्तर मिळालं. घरात सहा माणसं. त्यातलं एक चार महिन्यांचं बाळ, आणि एक ऐंशी ओलांडलेली माझी आत्ती.

मी गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटवल्या आणि हाताला लागतील ती भांडी चढवायला सुरुवात केली. मोठं पातेलं, त्यानंतर कुकर, त्यानंतर भाताचं तपेलं. प्रत्येकाची बादली भरून गरम पाणी काढायचं, असा माझा हिशोब. आत्ती भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आली, ओट्यावरची रांग पाहिली आणि म्हणाली, "आरं, एवढं कशाला तापवालायस? एक तपेलं कढू दे. बाकीचं इसण."

पुस्तकी मराठीत हा शब्द 'विसण' असा आहे. कढत पाणी अंगावर घेण्याजोगं व्हावं म्हणून त्यात जे गार पाणी घालतात, ते विसण. बटण दाबलं की हवं तसं कोमट पाणी देणाऱ्या नळांमुळे हा शब्द शहरातल्या घरांतून जवळजवळ गेला. आमच्या मुलीला तो माहीत नव्हता. गिझर बंद असलेल्या त्या पाच दिवसांत मात्र तो दिवसातून दहा वेळा कानावर पडला, आणि त्यात भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा आहे हे मला तेव्हा कळलं.

तो धडा असा. अंगाला सुखाचं वाटणारं पाणी साधारण ४० अंश सेल्सिअसचं असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, साधारण ९८ अंशांना उकळतं. टाकीतलं पाणी २० अंशांचं आहे असं धरा. ५ लिटर कढत पाण्यात १५ लिटर गार घातलं, तर २० लिटर पाणी तयार होतं आणि त्याचं तापमान भरतं साडेएकोणचाळीस अंश. म्हणजे एक भाग कढत, तीन भाग विसण. पाच लिटरचं एक तपेलं कढलं की एका माणसाची भरगच्च बादली झाली. पावसाळ्यात टाकीतलं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा एकास चार विसण चालतं. कडाक्याच्या थंडीत पहाटे पाणी १५ अंशांवर उतरलं, तर एकास अडीचवर थांबावं लागतं. आत्तीला यातला एकही आकडा ठाऊक नाही. ती बादलीत बोटं बुडवते आणि "अजून एक तांब्या" म्हणते. प्रत्येक वेळी तिचं उत्तर बरोबर येतं.

एक गोष्ट सांगायला हवी. २० लिटर पाणी एकदम ४० अंशांपर्यंत तापवलं काय किंवा ५ लिटर कढवून विसण घातलं काय, लागणारी उष्णता तेवढीच. मग फायदा कुठे आहे? भांड्यात आणि वेळेत. २० लिटरचं भांडं घरगुती शेगडीवर नीट बसत नाही, ते उतरवताना दोन माणसं लागतात, आणि त्याला झाकण नसलं तर तापताना वाफेवाटे बरीच उष्णता उडून जाते. पाच लिटरचं तपेलं झाकण ठेवून तापवता येतं, एकट्याला उचलता येतं, आणि पहिला माणूस आंघोळ करतोय तोवर दुसऱ्याचं तयार होतं.

गॅस किती जातो, हाही प्रश्न त्या दिवसांत आमच्या घरात रोज निघायचा. १५ लिटर पाणी २० वरून ४० अंशांवर नेण्यासाठी सुमारे १,२५० किलोज्यूल उष्णता लागते. शेगडीची उष्णता सगळी भांड्यात जात नाही, साठ टक्क्यांच्या आसपास जाते असं धरलं, तर एका आंघोळीला सुमारे ४५ ग्रॅम गॅस पुरतो. बाळ आणि आत्ती सोडून चार माणसांना रोज १८० ग्रॅम. १४.२ किलोचं सिलिंडर निव्वळ आंघोळीसाठी वापरलं तर अडीच महिने जाईल. पाच दिवसांचा खर्च एक किलोच्या आत. भीती वाटावी असा हा आकडा नाही. भीती वेगळ्या गोष्टींची बाळगायला हवी, त्याकडे पुढे येतो.

त्याआधी बंबाबद्दल लिहायलाच हवं. आत्तीच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. बाहेरचं मोठं पिंप, त्याच्या मधोमध आरपार गेलेलं नळकांडं, खाली जाळी. जाळीवर शेणी, चिपाडं, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या असं मिळेल ते जळण. उसाच्या मुलखात चिपाडाला तोटा नव्हता. जाळ नळकांड्यातून वर जायचा आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी असायचं. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर जाळ फक्त बुडाला लागतो आणि बराचसा बाजूनं निघून जातो. बंबात मात्र जाळ पाण्याच्या पोटातूनच जातो, म्हणून थोड्या जळणात पाणी कढतं.

काही बंबांची याहून सुंदर रचना होती. वर एक नरसाळं, त्याची नळी थेट तळापर्यंत गेलेली. नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतलं की वरच्या तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडायचं. गार पाणी जड, ते तळाशी बसतं, आणि हलकं झालेलं गरम पाणी वर ढकललं जातं. आजचा साठवणीचा गिझर अगदी याच तत्त्वावर चालतो: गार पाणी टाकीच्या तळाशी येतं, गरम पाणी वरच्या तोंडातून निघतं. फरक एवढाच की बंब वरून उघडा होता आणि गिझर चारी बाजूंनी बंद असतो. बंद भांड्यात दाब वाढतो, म्हणून गिझरला दाब सोडणारी झडप लागते. या झडपेतून अधूनमधून पाणी ठिबकतं म्हणून काही जण तिला बूच मारतात. कृपा करून हे कधीही करू नका. ते ठिबकणं म्हणजे गिझर स्वतःला फुटण्यापासून वाचवत असतो.

बंबापुढे बसून जळण सारणारं माणूस आणि आत आंघोळ करणारं माणूस यांच्यात सतत बोलणं चालायचं. पाणी किती उरलंय, आता कोण जाणार, कुणाला शाळेची घाई. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे तर बंब मध्यरात्रीच पेटायचा. कोल्हापुरात पहिल्या आंघोळीचं मोल इतकं, की काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपलाइननं येणारं पाणी २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पुईखडीला पोहोचलं, तेव्हा लोकांच्या बोलण्यात विषय हाच होता: पहिली आंघोळ या पाण्यानं.

आमच्या घरी गिझर एकटाच बिघडला होता. वीज होती, नळाला पाणी होतं, गॅस होता. हे तिन्ही एकदम गेलं तर काय होतं, ते या शहरानं दोनदा पाहिलं आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क भागात घरांत पाणी शिरलं. नदीतून शहरासाठी पाणी उचलणारी उपसा केंद्रं बुडाली आणि नळ कोरडे पडले. ठिकठिकाणी वीज बंद करावी लागली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्यानं बाहेरून येणारे सिलिंडरही अडकले. अशा वेळी घरात उरलेल्या गॅसची वाटणी नीट ठरवावी लागते. माझ्या मते क्रम असा: पहिला गॅस पिण्याच्या पाण्याला, कारण पुरानंतर कावीळ आणि जुलाब पाण्यातूनच येतात. पाण्याला खळखळून उकळी फुटली की ती एक मिनिट चालू द्यावी, तेवढं पुरतं. मग बाळाचं आणि आजारी माणसाचं पाणी. धडधाकट माणसांची आंघोळ सगळ्यात शेवटी, तीही ओल्या पंचानं अंग पुसून. दोन-तीन लिटर कोमट पाण्यात मोठ्या माणसाचं अंग व्यवस्थित पुसून होतं. चिखल काढून आलेल्या माणसानं मात्र हातपाय साबणानं घासून धुतलेच पाहिजेत, गार पाण्यानं का होईना. पायाला जखम असेल आणि पुराच्या पाण्यातून चालणं झालं असेल, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. ताप आला की डॉक्टरांना पुराचं सांगायला विसरू नये.

पुराच्या पाण्यात बुडालेला गिझर वाळलेला दिसतो म्हणून चालू करू नये. आत चिखल आणि ओल राहते. वायरमननं तपासून अर्थिंग ठीक आहे असं सांगितल्याशिवाय त्याच्या बटणाला हात नको.

आता भीती बाळगण्याच्या गोष्टी. गिझर बिघडल्यावर पहिला मोह पाणी तापवायच्या रॉडचा होतो. पुष्कळ घरांत तो माळ्यावर कुठेतरी असतोच. रॉड वाईट नाही, त्याच्याशी वागण्याची आपली रीत वाईट आहे. तो हजार-दीड हजार वॅटचा असतो, म्हणून मोठ्या, तीन पिनांच्या सॉकेटलाच लावावा. बादली प्लास्टिकची घ्यावी, आणि रॉड खुणेपर्यंत पाण्यात बुडवल्यावरच बटण दाबावं. पाणी तापलं का, हे बटण चालू असताना बोट घालून पाहायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. रॉडनं तापवलेलं पाणी वर कढत आणि तळाशी गार असतं, म्हणून ते ढवळावंही लागतं. ज्या घरात रांगणारं मूल आहे तिथे रॉडची बादली न्हाणीघरात एकटी सोडू नये. आम्ही त्या पाच दिवसांत रॉड बाहेर काढलाच नाही, आणि हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

दुसरा मोह गॅस गिझरचा. तो झटपट मिळतो, त्याच दिवशी बसतो. पण तो छोट्या, खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात बसवला तर जीव घेतो. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, आणि दाराची कडी काढायच्या आत शुद्ध जाते. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि नळीनं पाणी आत आणावं. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीतही हाच विषारी वायू असतो. शेक द्यायचा तर द्या, पण खिडकी उघडी ठेवून.

तिसरी भीती साध्या कढत पाण्याची, आणि इथे मला आत्तीच्या शब्दाशी थोडं भांडायचं आहे. विसण म्हणजे गरम पाण्यात घालायचं गार. शब्दातच क्रम आहे: आधी बादलीत कढत, नंतर गार. बंबाच्या काळी घंगाळात आधी कढत पाणीच यायचं, म्हणून तो क्रम पडला असावा. पण आधी कढत ओतून गार पाणी आणायला आपण वळतो, त्या अर्ध्या मिनिटात बादलीत ९० अंशांचं पाणी उघडं असतं आणि लहान मूल तिथेच हात घालतं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावं आणि कढत पाणी त्यात ओतावं. हिशोब तोच राहतो, धोका जातो. आत्तीला हे पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तीच सुनेला सांगत होती, "आधी गार घे गं."

भाजलंच तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड आले किंवा चेहरा, हात, गुप्तांग भाजलं तर लगेच दवाखाना.

बाळाच्या आंघोळीची आम्हाला सगळ्यात जास्त काळजी होती. तिचा तोडगा जुनाच निघाला: ऊन. आमच्याकडे पूर्वी बाळाच्या आंघोळीचं पाणी घंगाळात भरून अंगणात उन्हात ठेवत. डिसेंबरमध्ये कोल्हापूरचं आकाश निरभ्र असतं, दुपारचं ऊन चांगलं कडक. तोंड अरुंद असलेल्या बादलीत १५ लिटर पाणी ठेवलं तर ते कोमट व्हायला सकाळचे नऊ ते दुपारचे तीन एवढा वेळ लागतो. तेवढंच पाणी दोन रुंद पराती भरून ठेवलं, तर ऊन पडायला जागा दुप्पट किंवा त्याहून जास्त मिळते आणि काम दुपारच्या आत होतं. वर काच किंवा पारदर्शक झाकण असलं तर वाऱ्यानं उष्णता उडत नाही. बाळाची आंघोळ आम्ही सकाळी आठवरून दुपारी एकवर नेली. खोलीही तोवर उबदार झालेली असायची. पाणी कोपरानं पाहायचं, हाताच्या तळव्यानं नाही. भांडी धुवून आणि तवे उचलून तळवे निबर होतात, कोपराची कातडी खरं सांगते. कोपराला पाणी ना गरम ना गार लागलं, की ते ३७ अंशांच्या आसपास आहे असं समजावं.

आत्तीची आंघोळही आम्ही दुपारवर ढकलली. वय झालेल्या किंवा हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसानं थंडीच्या पहाटे गार पाणी एकदम डोक्यावर घेऊ नये. रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब झपकन वाढतो. आधी पायांवर, मग हातांवर, मग खांद्यावर असं पाणी घ्यावं. पाटावर बसून आंघोळ केली की पाणीही कमी लागतं. अंग पुसायला उशीर करू नये, कारण कातडीवरचं पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. पुष्कळांना आंघोळ करताना थंडी वाजत नाही, नंतर वाजते, ती यामुळे.

पहाटे कामावर निघणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती लागली. रात्री जेवणानंतर दहा लिटर पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कढत भरायचं, डबा लाकडी पाटावर ठेवायचा आणि वर-खाली, चारी बाजूंनी वाकळ गुंडाळायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेली वाकळ माणसाची ऊब जशी धरते, तशीच पाण्याचीही धरते. नीट गुंडाळलं असेल तर पहाटे पाचला पाणी विसण घालावं लागेल इतकं गरम असतं. पहाटे गॅस पेटवायची गरज उरली नाही.

न्हाणीघर सुटलं, पण रविवारी स्वयंपाकघर अडलं. रविवार म्हणजे मटण, आणि मटणाची भांडी. तांबड्या रश्शाच्या पातेल्याला लागलेला कट तेलाचा, तो गार पाण्यातही साबणानं निघतो. पांढऱ्या रश्शाच्या आणि सुक्क्याच्या भांड्यांना चिकटलेली बोकडाची चरबी मात्र थंडीत मेणासारखी थिजते. गार पाणी ओतलं तर ती आणखी घट्ट होते आणि मोरीच्या पाइपात जाऊन बसते. उपाय म्हणजे भांडं थंड होण्याआधीच रद्दी कागदानं पुसून घेणं. मग कोरड्या राखेनं घासणं. राखेत क्षार असतो, तो चरबीला धरतो आणि थोडा साबणही बनवतो. शेवटी एक तांब्या कढत पाणी, फक्त एक, सगळ्या भांड्यांवरून फिरवायचं. कपड्यांचं काही अडलं नाही, ते गार पाण्यात तासभर जास्त भिजवले की झालं.

गरम पाण्याविना असे दिवस काही ठिकाणी ठरवूनच आणतात. मॉस्कोत दर उन्हाळ्यात प्रत्येक वस्तीचं गरम पाणी सुमारे दहा दिवस बंद ठेवतात. तिथे मोठ्या केंद्रांत पाणी तापवून नळांनी घरोघर पोहोचवलं जातं, आणि त्या नळांची तपासणी व दुरुस्ती तेव्हा होते. तारखा आधी जाहीर होतात. मग लाखो घरांत लोक पातेल्यात पाणी तापवतात, टबात गार पाणी घेतात आणि त्यात मिसळतात. विसणच ते. त्यांना तारीख माहीत असते, म्हणून त्यांची तयारी असते.

आमच्याकडे पाचव्या दिवशी दुरुस्तीचा माणूस आला. त्यानं गिझर उघडला आणि आतलं कॉइल बाहेर काढलं. त्यावर पांढऱ्या-करड्या क्षाराचा जाड थर होता, बोटानं दाबला तर पोपडे पडत होते. आमच्या इमारतीत नळाच्या पाण्याला बोअरचं पाणी जोडलेलं आहे. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर बसतो. थर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ते आतल्या आत तापतं आणि जळतं. गेले काही महिने गिझरमधून तडतड आवाज येत होता, तो याच थराचा होता. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून त्याऐवजी ती स्वतः झिजते. आमची पूर्ण झिजून नुसती तार उरली होती. कॉइल आणि कांडी दोन्ही बदलली. बोअरचं पाणी असेल तर हे वर्षातून एकदा उघडून पाहायला हवं, असं तो सांगून गेला.

तुमच्या गिझरमधून तडतड आवाज येत असेल तर थंडी सुरू होण्याआधी तो उघडून घ्या. आणि एखाद्या रविवारी तो मुद्दाम बंद ठेवून घरातल्या मुलांना एका तपेल्यात आंघोळीची बादली करायला शिकवा. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, एवढं त्यांना पहिल्यांदा सांगा.